वेसनॉथची लढाई : दिवस कुणाचा, रात्र कुणाची?

खेळघर

सुट्टीत अभ्यासाची पुस्तकं कपाटात आणि तुम्ही कॉम्प्युटरसमोर, बरोबर ना? मग आजचं खेळघर तुमच्यासाठीच आहे. आज पळापळीचा खेळ नाही, धडाधड बटणं दाबायचा खेळ नाही. आज एकदम निवांत खेळ. तुमची खेळी होईपर्यंत शत्रू गप्प उभा राहतो आणि शत्रूची खेळी होईपर्यंत तुम्ही. आपल्या बुद्धिबळासारखंच. फरक इतकाच की इथे हत्ती-उंटांऐवजी भालाईत, घोडेस्वार, जादूगार, जंगलात राहणारे एल्फ, बुटके ड्वार्फ आणि रात्री चेव येणारे ऑर्क आहेत. ऑर्क म्हणजे आपल्या गोष्टींतल्या राक्षसांचे चुलतभाऊच समजा.

खेळाचं नाव 'बॅटल फॉर वेसनॉथ'. डेव्हिड व्हाइट नावाच्या माणसाने २००३ साली तो सुरू केला. मग जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात चित्रं, संगीत, गोष्टी आणि नव्या मोहिमा घातल्या. संगणकावर तो फुकट मिळतो आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो.

मी तो पहिल्यांदा नीट पाहिला तो लोह्याला, अक्काच्या घरी. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्याकडे दोन भाचरं. थोरला नववीत, धाकटी सहावीत. घरात कुणीतरी वापरून दिलेला एक जुना कॉम्प्युटर आणि त्यावर दोघांची भांडणं. मी पोचलो तेव्हा थोरला अगदी रडकुंडीला आला होता.

"मामा, हा कॉम्प्युटर चीटिंग करायलाय बघा! माझे वार लागतच नाहीत आणि त्याचे सगळे लागायलेत!"

"कितव्यांदा हरलास?"

"तिसऱ्यांदा," धाकटीने परस्पर उत्तर दिलं. "आन् दर वेळी तो आधीचं लोड करतो. वार चुकला की लोड, वार चुकला की लोड. माझा नंबर येतच नाही."

मी म्हटलं, "बरं, यावेळी लोड करू नकोस. नुसतं खेळ. मी मागे बसून बघतो."

आता त्या संध्याकाळी काय घडलं ते सांगतो. पण त्याआधी खेळाचे नियम समजून घेऊ, म्हणजे थोरल्याचं कुठे चुकलं ते तुम्हीच ओळखाल.

पहिली गोष्ट : घड्याळ बघा

वेसनॉथमध्ये दर टर्नला वेळ पुढे सरकते. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर आणि रात्रीचा दुसरा प्रहर. असे सहा टर्न झाले की एक दिवस-रात्र पूर्ण. एका टर्नमध्ये आधी तुम्ही खेळता, मग शत्रू. दोघांची वेळ एकच असते.

भालाईत, घोडेस्वार असे माणसांच्या फौजेतले बहुतेक सैनिक दिवसाचे गडी. सकाळी आणि दुपारी त्यांचा वार २५ टक्क्यांनी जड होतो. रात्री तेवढाच हलका होतो. ऑर्क आणि भुताखेतांचं उलटं. रात्री ते शेर, दिवसा ढेर. एल्फ आणि ड्वार्फ यांना मात्र दिवस काय आणि रात्र काय, सारखंच. पहाटे आणि संध्याकाळी कुणालाच फायदा नाही, कुणालाच तोटा नाही.

पडद्यावर वरच्या बाजूला सूर्य-चंद्राचं चित्र असतं. थोरला त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता!

दुसरी गोष्ट : पायाखाली बघा

पट सहा कोनांच्या घरांचा आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखा. कुठलं घर गवताचं, कुठलं डोंगराचं, कुठलं जंगलाचं, कुठलं पाण्याचं. आता नीट ऐका, कारण इथेच निम्मे खेळाडू फसतात. तुमचा वार लागण्याची शक्यता तुम्ही कुठे उभे आहात यावर नाही, तर समोरचा कुठे उभा आहे यावर ठरते.

भालाईत मोकळ्या मैदानात उभा असेल तर त्याच्यावरचे शंभरातले ६० वार लागतात. तोच गावात, किल्ल्यात किंवा डोंगरावर उभा असेल तर ४०. आणि तो उथळ पाण्यात उतरला तर? ८०! पाण्यात पाय घसरतात, ढाल सांभाळता येत नाही. एल्फ जंगलात शिरला की त्याच्यावरचे निम्म्याहून बरेच जास्त वार वाया जातात, कारण झाडं त्याची आणि तो झाडांचा.

आमच्या लोह्याहून कंधार जवळ. तिथला भुईकोट किल्ला तुमच्यापैकी नांदेडकडच्या मंडळींनी पाहिला असेल. डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा किल्ला. मग तो राखायचा कसा? बांधणाऱ्यांनी तटाभोवती चांगला रुंद खंदक काढला आणि त्यात पाणी सोडलं. शत्रूला तटापर्यंत यायचं तर आधी पाण्याशी झगडावं लागणार, आणि तो पाण्यात चाचपडत असताना वरून मारा! वेसनॉथमधला तो ८० चा आकडा म्हणजे कंधारचा खंदकच. पुढच्या वेळी सहल गेली की खंदकाच्या काठावर उभे राहून विचार करा, "मी खाली असतो तर? मी वर असतो तर?" इतिहासाचा तास आणि खेळाचा तास एकदमच होईल.

आता थोडं गणित (पळू नका!)

साध्या भालाइताच्या भाल्याचा आकडा आहे ७-३. म्हणजे प्रत्येक वार ७ चा, असे तीन वार. साध्या ऑर्क पायदळाच्या तलवारीचा आकडा ९-२. म्हणजे ९ चे दोन वार. आता तेच दोघे गडी दोन ठिकाणी लढवू.

रात्री, मैदानात : भालाइताचा वार ७ वरून ५ वर येतो. तिनांपैकी सरासरी १.८ वार लागतात. म्हणजे ऑर्कचं नुकसान साधारण ९. ऑर्कचा वार ९ वरून ११ वर जातो. दोनांपैकी सरासरी १.२ वार लागतात. म्हणजे आपलं नुकसान साधारण १३.

सकाळी, ऑर्क पाण्यात आणि आपण मैदानात : भालाइताचा वार ७ वरून ९ होतो. पाण्यातल्या ऑर्कवर तिनांपैकी २.४ लागतात. म्हणजे त्याचं नुकसान साधारण २२! ऑर्कचा वार ९ वरून ७ वर येतो. आपलं नुकसान साधारण ८.

बघा, सैनिक तेच, हत्यारं तीच. रात्री मैदानात आपण ९ देतो आणि १३ घेतो. सकाळी नदीकाठी २२ देतो आणि ८ घेतो. यात शौर्य कुठे बदललं? फक्त वेळ आणि जागा बदलली.

तिसरी गोष्ट : धाकाची घरं

प्रत्येक सैनिकाचा त्याच्या भोवतालच्या सहा घरांवर धाक असतो. शत्रू त्या घरात आला की त्याला तिथेच थांबावं लागतं, मग त्याच्याकडे कितीही चाली उरलेल्या असोत. (काही चपळ गडी या नियमाला अपवाद आहेत आणि अगदी शून्य पातळीच्या सैनिकाला धाक नसतो. पण ते नंतर.)

याचा अर्थ काय? भिंत बांधायला सगळी घरं भरावी लागत नाहीत! दोन सैनिकांमध्ये दोन घरं मोकळी असली तरी शत्रू त्यांमधून सरळ धावत मागे जाऊ शकत नाही. चार शिपायांत लांबलचक फळी उभी राहते. आणि मध्ये अरुंद खिंड असेल तर दोघेही पुरतात.

जुलै १६६० ची ती रात्र आपल्याला पाठ आहे. शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेले, मागे सिद्दीची फौज, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे. मूठभर माणसांनी एवढी मोठी फौज कशी रोखली? शौर्य तर होतंच. पण त्यांनी जागाही अशी धरली की मोठ्या फौजेला आपला मोठेपणा वापरताच येईना. एका वेळी समोर येणार किती, चार की पाच? वेसनॉथमध्ये अशी जागा शोधायला शिका. नकाशा उघडला की आधी खिंड शोधा, पूल शोधा, ओढ्याचा उतार शोधा.

चौथी गोष्ट : गावं आणि खजिना

पटावर छोटी छोटी गावं असतात. गावात सैनिक नेला की ते गाव तुमचं. गावं तुम्हाला दर टर्नला सोनं देतात, शिवाय सैनिकांच्या पगाराचा भार उचलतात. जखमी सैनिक गावात थांबला तर तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला त्याला ८ लाइफ परत मिळते. विषबाधा झाली असेल तर त्या वेळी तीच उतरते.

म्हणून पहिल्या दोन-तीन टर्नमध्ये लढाईच्या मागे लागू नका, गावांच्या मागे लागा. आणि कोणत्या गावाला कोण जाणार ते आधीच ठरवा. धाकटी हे कागदावर लिहून ठेवते. थोरला तिला हसतो. पण तिच्या खजिन्यात नेहमी जास्त सोनं असतं, हे मी स्वतः पाहिलंय.

पाचवी गोष्ट : समोर कोण आहे ते बघूनच भरती

आमच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तिथे घोड्यांचा बाजार असतो. घोडा घेणारा जाणता माणूस नुसता रंग बघून पैसे मोजत नाही. आधी घोड्याचे दात बघतो, मग चाल बघतो. तुम्हीही तसंच करा.

वेसनॉथमधला घोडेस्वार २३ मोहरांचा. दिसायला रुबाबदार. तो चढाई करताना त्याचा मार दुप्पट होतो. वा! पण थांबा, त्या चकमकीत त्याला लागणारा मारही दुप्पट होतो. त्याच्या भाल्याचा आकडा ९-२, चढाईत तो १८-२. समोर १४ मोहरांचा साधा भालाईत असेल तर त्याचा ७-३ होतो १४-३, आणि भालाइताची खुबी अशी की पहिला वार नेहमी त्याचाच. म्हणजे २३ मोहरांचं घोडं १४ मोहरांच्या भाल्यावर नेऊन आपटायचं! तेच घोडं एकट्यादुकट्या जादूगारावर सोडा, मग बघा गंमत.

सांगाड्यांची फौज आली तर भालाईत आणि तिरंदाज यांच्या भरवशावर राहू नका. टोचणारं हत्यार हाडांच्या फटीतून जातं, तलवारही फारशी चालत नाही. तिथे गदा पाहिजे किंवा आग पाहिजे. जादूगाराच्या जादूची आणखी एक मजा अशी की समोरचा डोंगरावर असो की किल्ल्यात, ती शंभरातून ७० वेळा लागतेच. पण जादूगार नाजूक असतो. त्याला पुढच्या फळीत उभं करणं म्हणजे काचेचा पेला अंगणात ठेवणं!

आता त्या संध्याकाळची गोष्ट

तर थोरला खेळत होता. माणसांची फौज त्याची, ऑर्कांची फौज कॉम्प्युटरची. त्याच्याकडे एक भालाईत होता. पहिल्या लढाईपासून जपलेला, लढून लढून दुसऱ्या पातळीला चढलेला. या खेळात सैनिकाचं नाव बदलता येतं. थोरल्याने त्याचं नाव ठेवलं होतं, 'बाजी'.

एक लक्षात घ्या. वेसनॉथच्या मोहिमेत मेलेला सैनिक परत येत नाही. जगला तर पुढच्या लढाईत तुम्ही त्याला २० मोहरा देऊन परत बोलावू शकता, त्याच्या सगळ्या अनुभवासकट. म्हणून जुना सैनिक म्हणजे खरी कमाई.

रात्रीचा पहिला प्रहर लागला होता. एक जखमी ऑर्क मैदानात एकटा दिसत होता. थोरल्याला राहवेना.

"एकच वार पाहिजे मामा! मारतोच त्याला!"

धाकटी म्हणाली, "दादा, रात्र आहे. मागं तीन ऑर्क आहेत."

"गप गं!"

बाजी फळी सोडून पुढे गेला. त्याचे तिन्ही वार चुकले! ऑर्कने उलटे वार केले. बाजीकडे २० लाइफ उरली. थोरल्याने टर्न संपवला. मग कॉम्प्युटरने तीन ऑर्क बाजीभोवती आणले. दुसऱ्याच ऑर्कने खेळ संपवला. बाजी पडला.

खोलीत एकदम शांतता. थोरल्याचे डोळे भरून आले होते. नववीतला मुलगा, पण खरंच भरले होते. हात आपसूक 'लोड'कडे गेला.

मी म्हटलं, "लोड करायचं तर कर बाबा, खेळ तुझा आहे. पण आधी पाच मिनिटं कागद-पेन्सिल घे. कॉम्प्युटरने चीटिंग केली का ते बघू."

आम्ही तिघांनी हिशेब मांडला. मैदानात वार लागण्याची शक्यता ६० टक्के. म्हणजे चुकण्याची ४०. तीन वार लागोपाठ चुकण्याची शक्यता ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे ०.०६४. शंभरातून सहा वेळा. म्हणजे अशा पंधरा-सोळा चकमकींत एकदा असं होणारच! ही चीटिंग नव्हे. ६० टक्के म्हणजे 'नक्की' नव्हे, एवढंच.

मग पुढचा हिशेब. बाजीकडे लाइफ २०. रात्रीच्या ऑर्कचा वार ११ चा. म्हणजे दोन वार लागले की संपलं. तीन ऑर्क, प्रत्येकी दोन वार, एकूण सहा. त्या सहापैकी निदान दोन लागण्याची शक्यता किती? हे गणित थोडं मोठं आहे, पण थोरल्याने केलं. उत्तर आलं : शंभरातून ९६!

"म्हणजे..." थोरला हळूच म्हणाला, "मी टर्न संपवला तवाच बाजी मेला होता."

"त्याच्याही आधी," धाकटी म्हणाली. "फळी सोडली तवाच."

मी म्हटलं, "आता दुसरा हिशेब कर. तो पुढे न जाता मागच्या गावात उभा असता, आणि बाजूला आपले दोन गडी असल्यामुळे फक्त दोनच ऑर्क त्याच्यापर्यंत पोचू शकले असते, तर?"

गावात वार लागण्याची शक्यता ४० टक्के. एकूण चार वार. त्यांतले निदान दोन लागण्याची शक्यता आली शंभरातून ५२-५३. म्हणजे निम्मी-निम्मी. आणि तो फळीच्या पार मागे गेला असता तर? शून्य!

सैनिक तोच, ऑर्क तेच, रात्र तीच. ९६, ५२ आणि शून्य. यांपैकी कोणता आकडा घ्यायचा ते फासा ठरवत नाही दोस्तांनो, आपण ठरवतो. फासा त्याच्यानंतर पडतो.

लोड करावं की नाही?

हा प्रश्न मला बऱ्याच मुलांनी विचारलाय. खरं सांगतो, नवीन शिकताना लोड करायला हरकत नाही. गणित चुकलं की आपण खोडतोच की. पण खोडून पुन्हा तेच लिहून उत्तर बरोबर येण्याची वाट बघत बसलो, तर गणित येईल का? वार चुकला म्हणून लोड करणं म्हणजे तसंच. तुम्ही फासा बदलता, चूक तशीच राहते. उलट चुकीची चाल एकदा नशिबाने लागते आणि तुम्हाला वाटतं, हीच खरी चाल! मग पुढच्या मोहिमेत ती तुम्हाला बुडवते.

महाभारतात धर्मराजाला 'लोड गेम' असतं तर तो द्यूत खेळतच राहिला असता, आणि तरीही हरलाच असता. कारण त्याची चूक फाशात नव्हती, खेळायला बसण्यात होती!

म्हणून माझा नियम असा. लोड करायचंच असेल तर आधी कागदावर एक वाक्य लिहायचं, "माझी चूक अमुक टर्नला झाली." ते वाक्य लिहिता आलं नाही तर लोड करायचं नाही.

थोरल्याने काय केलं असेल? त्याने वहीत लिहिलं, "रात्री फळी सोडली." मग माऊस धरला आणि लोड केलं नाही!

"राहू दे मामा. बाजी गेला तो गेला. आता असंच खेळतो."

उरलेले गडी त्याने ओढ्याच्या अलीकडे आणले. जखमींना गावांत पाठवलं. १४ मोहरा देऊन एक नवा भालाईत घेतला. रात्रीचा दुसरा प्रहर आला तरी त्याने एकही हल्ला केला नाही, नुसता दात-ओठ खात बसला. कॉम्प्युटरला मात्र धीर नसतो, तो दिसेल त्याच्यावर धावतो. ऑर्क धावत आले आणि ओढ्यात उतरले.

आणि तेवढ्यात लाइट गेली! लोह्याची लाइट, सांगून थोडीच जाते? थोरला कपाळावर हात मारून बसला. पण हा खेळ प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला आपला आपण सेव्ह होतो. पाऊण तासाने लाइट आली तेव्हा फक्त अर्धाच टर्न वाया गेला होता. बरंच झालं, तेवढ्यात आमचं जेवण उरकलं.

मग पहाट झाली. आणि मग सकाळ! पाण्यात उभे ऑर्क, वरून दिवसाचे भाले. ८० टक्के, ९ चा वार. दोन टर्नमध्ये ओढा मोकळा झाला. संध्याकाळ व्हायच्या आत ऑर्कांचा सरदार पडला. सगळ्यांत जास्त मार त्या नव्या भालाइतानेच दिला होता.

"याचं नाव पण बाजी ठेवू का?" थोरल्याने विचारलं.

"नको," धाकटी म्हणाली. "बाजी एकच होता. याला त्याचं स्वतःचं नाव ठेव."

थोरल्याने ऐकलं, यात आश्चर्य. त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "घे, आता तुझा नंबर."

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, अक्काची एक युक्ती मला फार आवडली. ती घड्याळ लावून "अर्धा तास झाला, ऊठ" असं म्हणत नाही, कारण मूल ऐन लढाईत असतं आणि मग रडारड होते. तिचा नियम : खेळातला एक दिवस-रात्र, म्हणजे सहा टर्न. दुसरा प्रहर संपला, पहाट झाली की उठायचं. थांबण्याची जागा खेळातच ठरलेली असल्यामुळे भांडण होत नाही. सहा टर्नला कुणाला थोडा वेळ लागेल, कुणाला जास्त. जो विचार करून खेळेल त्याला जास्त लागेल, आणि ते चांगलंच आहे!

दुसरं, खेळ त्याच्या मूळ ठिकाणावरूनच घ्या. कुठल्या तरी भलत्या जागेवरून नको. एकाच कॉम्प्युटरवर दोघांना आळीपाळीने समोरासमोर खेळता येतं. लहान मुलांसाठी तेच बरं. अनोळखी माणसांशी खेळण्याची घाई नको. सूचना इंग्रजीत वाचाव्या लागल्या तर सुरुवातीला शेजारी बसा. एका सुट्टीत मुलांचं इंग्रजी किती पुढे जातं ते बघा.

कंपासपेटीत ठेवायची चिठ्ठी

१. हल्ला करण्याआधी आकाश बघा : आत्ता वेळ कुणाची? पुढच्या टर्नला कुणाची?
२. शत्रू कुठल्या घरात उभा आहे ते बघा. आपण कुठे उभे राहणार तेही बघा.
३. टर्न संपवण्याआधी स्वतःला विचारा : "आता मी ऑर्क असतो तर कुणाला मारलं असतं?" ज्याचं नाव आलं त्याला मागे घ्या.
४. जखमी गडी मागे, ताजा गडी पुढे. मागे घेणं म्हणजे पळणं नव्हे.
५. शेवटचा घाव शक्यतो नव्या सैनिकाला घालू द्या. नुसतं लढलं तर शत्रूच्या पातळीइतकाच अनुभव मिळतो. मारलं तर पातळीच्या आठपट!
६. तुमचा सरदार पडला की खेळ संपला. बक्षिसाच्या मोहाने त्याला पुढे काढू नका.

डोकं लढवा

तुमच्या खजिन्यात ४२ मोहरा आहेत. भालाईत १४ मोहरांना, जादूगार २० ना आणि गदा घेतलेला जड चिलखती गडी १९ ना मिळतो. चिलखती गडी चालायला हळू, पण तलवार-कुऱ्हाडीचा मार त्याला निम्माच लागतो. समोरून कुऱ्हाडी घेतलेले सांगाडे येतायत आणि मध्ये फक्त एक अरुंद पूल आहे. आत्ता संध्याकाळ आहे. तुम्ही कोणाची भरती कराल आणि कुणाला कुठे उभं कराल? पुलावर की पुलाच्या अलीकडे?

नुसतं उत्तर नको, कारणही लिहा. थोरल्याने आणि धाकटीने आपापली उत्तरं दिली आहेत आणि दोन्ही वेगवेगळी आहेत! कुणाचं बरोबर ते पुढच्या आठवड्यात, याच पानावर.

तोपर्यंत खेळा, हरा, वहीत लिहा आणि पुन्हा खेळा. आणि हो, पहाट झाली की उठा!

तुमचा,
खेळघरातला मामा